शहाण्णव टक्के

मानवजातीने रोगराईवर आजवर जे विजय मिळवले, त्यांतला सर्वांत शांत, सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत निर्णायक विजय गणिताचा आहे. एकही सुई न टोचता, एकाही रुग्णाची नाडी न पाहता, केवळ कागदावर चार समीकरणं मांडून साथ कधी येणार, किती मुक्काम करणार आणि जाताना कुणाला घेऊन जाणार, हे आधी सांगता येतं. निदान आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या ज्योतिष्याचं तरी असं ठाम मत होतं. अख्ख्या खात्यात हे मत असलेला तो एकटाच होता, आणि त्याला पंखा लावायचा असला तर आधी झेरॉक्स बंद करावं लागे.

ज्योतिषी हे त्याचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. साथींची भाकितं करतो म्हणून खात्याने त्याला प्रेमाने बहाल केलेली ती पदवी होती. मुलीचं लग्न कधी जमेल, बदली कुठे होईल, असले प्रश्न लोक त्याला जिन्यात अडवून विचारत. तोही एकदा म्हणाला होता की आधी गेल्या पाच वर्षांची आकडेवारी आणा. तेव्हापासून प्रश्न कमी झाले.

त्याच्या संगणकात एक छोटंसं जग होतं. त्या जगात मुलं तीनच प्रकारची. कोरी मुलं, म्हणजे ज्यांना रोग होऊ शकतो. तापलेली मुलं, म्हणजे ज्यांना झाला आहे. आणि सुटलेली मुलं, म्हणजे ज्यांना होऊन गेला किंवा ज्यांनी लस घेतली. तापलेलं मूल कोऱ्या मुलाला भेटलं की कोरं तापतं. कोरी मुलं पुरेशी कमी असली की तापलेल्याला भेटायला कुणी उरत नाही आणि रोग कंटाळून निघून जातो. सगळं शास्त्र एवढंच. बाकीचं शिकायला त्याला सात वर्षं लागली होती.

गुरुवारी सकाळी गोदामांमागच्या वस्तीचा अहवाल त्याच्या टेबलावर आला आणि हे जग बिघडलं. पंधरवड्यापूर्वी वस्तीत गोवराची तीन मुलं होती. आता नवी तेरा झाली होती. तिनाची तेरा, म्हणजे चारपट आणि वर थोडं. खात्याच्या तक्त्याप्रमाणे या वस्तीत शहाण्णव टक्के मुलांना लस मिळालेली होती. शंभरातली चारच कोरी. अशा ठिकाणी तिनाची दोन व्हायला हवी होती, दोनाचं एक, आणि मग शून्य. गोवर वर चढत होता आणि गणित म्हणत होतं, तो खाली उतरतोय.

सोमवारी सुट्टी संपून शाळा उघडणार होत्या.

त्याने बेरजा पुन्हा तपासल्या. मग उलट दिशेने हिशेब मांडला: तिनाची तेरा व्हायची, तर शंभरात कोरी मुलं किती हवीत? उत्तर आलं अठ्ठावीस. वस्तीत चार हजार मुलं. म्हणजे कागदावर कोरी एकशे साठ, आणि खरी अकराशेच्या वर. शाळा उघडल्या की पुढच्या पाळीला, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात, पंचावन्न, त्याच्या पुढच्या पाळीला दोनशेच्या पलीकडे. रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात खाटा वीस. शेवटच्या रकान्यात संगणकाने एक पूर्णांक सात मुलं दगावतील असं दाखवलं. अपूर्णांकातल्या मुलाचं काय करायचं ते संगणकाला कळत नाही. ज्योतिष्यालाही कळलं नाही. तो फाईल घेऊन तडक संचालकांकडे गेला.

संचालक मूळचे डॉक्टर. शेवटचा रुग्ण त्यांनी बावीस वर्षांपूर्वी तपासला होता आणि तो बरा झाला होता, त्यामुळे त्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. त्यांच्या मागच्या कपाटावर उत्कृष्ट लसीकरणाची पितळी ढाल होती. ती शहाण्णव टक्क्यांबद्दलच मिळाली होती.

ज्योतिष्याने दोन गोष्टी मागितल्या. शनिवार-रविवारी वस्तीत घरोघरी लस, आणि तिथली शाळा दहा दिवस उशिरा. संचालकांनी फाईल उघडली नाही, तिच्यावर फक्त हात ठेवला, जसा बऱ्या होणार असलेल्या रुग्णाच्या खांद्यावर ठेवतात. मग खणातून एक कागद काढून त्यांनी मोठ्याने वाचला. ज्या वस्तीत शहाण्णव टक्के मुलांचं लसीकरण झालं असेल, तिथे गोवराची साथ गणिती दृष्ट्या अशक्य आहे. खाली सही ज्योतिष्याची. दोन वर्षांपूर्वीची टिप्पणी. ढालीच्या अर्जाला जोडण्यासाठी संचालकांनीच ती मागून घेतली होती आणि त्या दिवशी ज्योतिषी हवेत तरंगत घरी गेला होता.

"आता मला सांगा," संचालक म्हणाले, "गणित तुमचं चुकलंय का?"

"नाही साहेब."

"म्हणजे आकडा चुकलाय. तो आकडा मी वरती पाठवलाय, त्यावर ढाल आली आहे. आकडा चुकला असेल तर तो कुणी चुकवला, हे मला पुराव्यासकट पाहिजे. उद्या अकरा वाजता. आणि पुरावा नसेल, तर तेरा पोरांना पुरळ आलंय. पुरळ पोरांना येतंच."

ज्योतिषी खाली आला. आकडा कुणी लिहिला हे शोधायला त्याला पुराव्याची गरजच नव्हती. वस्तीच्या दवाखान्यातून येणाऱ्या दर महिन्याच्या तक्त्याखाली सही असायची. तीच सही ज्योतिष्याच्या सहावीच्या प्रगतिपुस्तकावरही दोन ठिकाणी होती, कारण गणितात नापास झाल्यावर ते वडिलांपर्यंत न जाऊ देण्याची व्यवस्था थोरल्या बहिणीने केली होती.

ताई त्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होती. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. सरकारी तक्त्यात खोटी नोंद म्हणजे आधी निलंबन, मग चौकशी, आणि चौकशी संपायच्या आत माणूस संपतो असा खात्याचा अनुभव होता.

ज्योतिष्याने तेव्हा जे केलं, त्याची त्याला पुढे कायम लाज वाटली. त्याने दार लावलं आणि गणितालाच फितवायचा प्रयत्न केला. शहाण्णव टक्के तसेच ठेवून तिनाची तेरा करता येतात का? येतात. गोवराचा जोर वाढवायचा, म्हणजे आकडा खरा राहतो, ताई वाचते आणि मोहीमही मिळते. एरवी एक तापलेलं मूल पंधरा कोऱ्या मुलांना रोग देतं. त्याने वीस करून पाहिले, तीस केले, पन्नास केले. तिनाची तेरा व्हायला एका मुलाने शंभराहून जास्त मुलांना गाठावं लागत होतं. इतक्या वेगाने तर खात्यात बदलीची अफवासुद्धा पसरत नव्हती. संचालकांनी बावीस वर्षं रुग्ण पाहिला नसला, तरी एवढं त्यांना कळलं असतं. ज्योतिष्याने संगणक बंद केला आणि वस्तीची बस पकडली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, वजनकाटा आणि भिंतीला हसऱ्या बाळाचं पोस्टर. आतल्या खोलीत टेबल, लशीचा फ्रीज आणि ताई. तो पोचला तेव्हा बाकावर पॅकिंगच्या कामाचा एप्रन घातलेली एक बाई सात महिन्यांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं आणि कानामागून पुरळ गालावर उतरत होतं. ताईने तिला पाहिलं, चिठ्ठी लिहिली आणि आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जा म्हणून सांगितलं. बाईने विचारलं, हिला लस का नाही दिली? ताईने सांगितलं की नऊ महिन्यांच्या आत देता येत नाही. बाई म्हणाली, मग इतक्या लहान पोरांनी काय करायचं? ताईने चिठ्ठी तिच्या हातात दिली. नऊ महिन्यांच्या आतल्या पोराची लस म्हणजे शेजारची लस घेतलेली पोरं, हे दोघा भावंडांना माहीत होतं. आणि शेजारी ती पुरेशी नव्हती.

बाई गेली. चौदावी, ज्योतिष्याने मनात लिहिलं.

"ताई, एक व्हायल फोडलीस की किती मुलांना टोचतेस?"

"दहा डोस असतात एका व्हायलमध्ये."

"मी डोस नाही विचारले. मुलं विचारली."

ताई बेसिनपाशी गेली आणि हात धुऊ लागली. एकदा धुऊन झाल्यावर दुसऱ्यांदा साबण लावला. मग नळाकडे बघतच तिने सगळं सांगितलं, हवामान सांगावं तशा आवाजात.

व्हायल म्हणजे लशीची बाटली एकदा फोडली की सहा तासांत संपवायची, उरलेली फेकायची, हा नियम. दहामागे एकाहून जास्त डोस फुकट गेले तर लेखी खुलासा द्यायचा, हा दुसरा नियम. दोन्ही नियम करणारी माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर बसत असावीत. वस्तीतल्या बाया अर्ध्या तासाची सुट्टी काढून येतात, कधी तीन, बहुतेकदा आठ, दहा जणी एका वेळी कधीच नाहीत. हा दुसरा नियम आला त्या वर्षी ताईने खरं लिहिलं: तिघांना टोचलं, सात फेकले. चार महिन्यांत चार मेमो आले. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी युक्ती सांगितली की दहा पोरं जमल्याशिवाय व्हायल फोडूच नका. तिने महिनाभर तसं केलं. परत पाठवलेल्या नऊ पोरांतली दोन पुन्हा आली. बाकीच्यांच्या आयांना पुन्हा सुट्टी मिळाली नाही. मग ती दोन पोरांसाठीही व्हायल फोडायला लागली आणि तक्त्यात दहा लिहायला लागली.

"मेमो थांबले," ताई म्हणाली. "मग ढाल आली. साहेबांनी मला स्टेजवर बोलावून गुच्छ दिला. तेव्हा सांगायचं होतं का?"

वर्षानुवर्षं दहांपैकी सरासरी जेमतेम साडेसात. ज्योतिष्याने न विचारता मनात गुणाकार केला. शहाण्णवचे एकाहत्तर-बहात्तर होत होते. त्याचं गणित बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर जुळल्याचा आनंद झाला नाही.

"तू पोरांसाठीच केलंस," तो म्हणाला.

"हो ना. जी आली त्यांच्यासाठी. आणि दहा लिहिल्यामुळे जी आलीच नाहीत ती कुणाला दिसलीच नाहीत. तेवढं मला कळतं. मला गणित शिकवू नकोस, तुला पाढे मी शिकवलेत."

त्याने मग धीर करून उद्याची अट सांगितली. पुरावा नसेल तर मोहीम नाही. लगेच घाईने जोडलं की तो तिचं नाव घालणार नाही, 'स्थानिक पातळीवरील नोंदींत तफावत' असं काहीतरी लिहील. ताईने टॉवेल खुंटीला लावला.

"आणि स्थानिक पातळीवर आहे कोण? मी आणि हा फ्रीज. फ्रीजवर घालणार आहेस का?"

संध्याकाळी ती दोघं ताईच्या घरी गेली. भाऊजी घड्याळं दुरुस्त करत. बैठकीच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं आणि भिंतीवर गिऱ्हाइकांची अकरा घड्याळं अकरा वेळा दाखवत होती. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की एकतीस वर्षं हिला खरं बोलायला कुणी अडवलं नव्हतं, आता अकरा महिने राहिले तर बाईंना दम निघेना. ज्योतिष्याला वाटलं, आता भांडण होणार. पण भाऊजींनी भिंग काढलं, खणातून चांगलं पेन शोधलं, त्यात शाई आहे का ते हातावर ओढून पाहिलं आणि ताईपुढे ठेवलं. नंतर ते गच्चीवर गेले आणि जेवायची हाक तीनदा मारूनही आले नाहीत.

ताई लिहायला बसली. ज्योतिषी शेजारी बसून सूचना करू लागला. 'काही वेळा' असं लिही, 'परिस्थितीमुळे' असं लिही. ताईने त्याच्याकडे न पाहता सांगितलं की परिस्थिती सही करत नाही. गेल्या सहा वर्षांत मी दर व्हायलमागे दहा डोस लिहिले, प्रत्यक्षात मुलं कमी होती, असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं. एकदा थांबली. सोमवारपर्यंत खरंच थांबवता येईल का, तुझं गणित काय म्हणतं, असं तिने विचारलं. तो म्हणाला, अकराशेतल्या नऊशेंना जरी गाठलं तरी थांबेल.

"नक्की?"

"ताई, गणित नक्की असतं. आकडे नक्की नसतात."

"ते तू मलाच सांग," ती म्हणाली आणि सही केली. तीच प्रगतिपुस्तकावरची सही.

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना ज्योतिषी संचालकांच्या दारात उभा होता. हातात चौदा पानांची फाईल, खिशात पाकीट. त्यावर त्याने 'गोपनीय' असं लिहून डिंकाने नीट बंद केलं होतं, कारण उघडं पाकीट शिपाई वाचतो आणि बंद पाकीट निदान आधी उजेडाला धरतो.

तो वीस मिनिटं बोलला. कोरी मुलं, तापलेली मुलं, सोमवार, वीस खाटा. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा मानही हलवली. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. बोलणं संपल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ज्योतिष्याला कळलं की आता वेळ आली. त्याने पाकीट काढून टेबलावर ठेवलं, पण बोटं त्याच्यावरून निघेनात. डोळ्यांपुढे अकरा घड्याळं आली. ढालीवरचं पितळ उन्हात चमकत होतं. त्याच्या मनात आलं की पाकीट अजून उचलता येईल, म्हणता येईल की चुकून दुसरंच आणलं. एक पूर्णांक सात. त्याने बोटं काढली.

"पुरावा आहे, साहेब. आकडा लिहिणाऱ्या व्यक्तीचा लेखी जबाब." त्याने ढालीकडे पाहिलं. "ती माझी थोरली बहीण आहे."

संचालकांनी त्याच क्षणी फोन उचलला होता. गाड्या किती आहेत, शीतपेट्या किती आहेत, बर्फ कोण देणार, असं ते कुणालातरी विचारत होते. फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

एकदा म्हणायला ज्योतिष्याचा जीव गेला होता. दुसऱ्यांदा म्हणणं त्याच्याने झालं नाही.

"पाकिटात आहे, साहेब."

"ठेवा. पाहतो." त्यांनी पाकीट फायलीत सरकवलं. "उद्या सकाळी आठपासून मोहीम. चार हजार मुलं. शाळेच्या खोल्या आपल्याला लागणार, म्हणजे शाळा दहा दिवस पुढे. तुम्ही खुश?"

ज्योतिषी बाहेर आला आणि जिन्यात बसला. मुलीच्या लग्नाचं विचारणाऱ्या एका कारकुनाला त्याने सांगितलं की यंदा नक्की जमेल. सत्याचा विजय झाल्यावर माणूस थोडा उधळा होतो.

शनिवार-रविवारी चौदा पथकं वस्तीत फिरली. ताई सगळ्यांच्या पुढे होती, कारण कुठल्या दारामागे कुठलं राहिलेलं पोर आहे हे तिलाच पाठ होतं. कोऱ्या मुलांपैकी नऊशे बासष्ट गाठली गेली. पुढच्या पाळीत पंचावन्नाऐवजी अकरा नवी मुलं तापली, त्याच्या पुढच्या पाळीत दोन, आणि मग कुणी नाही. सात महिन्यांची ती मुलगी नऊ दिवस रुग्णालयात होती. पाचव्या दिवशी तिला न्यूमोनिया झाला, सातव्या दिवशी तिने दूध घेतलं. ज्योतिषी रोज तिची चौकशी करायचा. वॉर्डातल्या नर्सला तो नातेवाईक वाटला.

संचालकांनी पत्रकारांना सांगितलं की गणिती प्रारूपांच्या आधारे खात्याने वेळीच निर्णय घेतला. शेजारी ज्योतिष्यालाही उभं केलं होतं. छापून आलेल्या फोटोत त्याचं कोपर दिसत होतं.

इकडे ताई मेमोची वाट पाहत होती. टपाल घेऊन येणारा दारात दिसला की ती खुर्ची सोडून उभी राही. पहिल्या आठवड्यात तिने टेबलाचे खण आवरून ठेवले, दुसऱ्या आठवड्यात फ्रीजच्या किल्ल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तिसऱ्या आठवड्यात तिने भावाला फोन करून विचारलं की चौकशीला नेमकं काय घालून जायचं असतं. भाऊजींनी तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचं घड्याळ दोनदा उघडून दोनदा बिघडवलं. ज्योतिषी संचालकांसमोर गेला की ते हसून मान हलवत, आणि त्या हसण्याचा अर्थ लावण्यात त्याचे सहा आठवडे गेले.

मग फाईल बंद करण्यासाठी त्याच्याकडे परत आली. त्याने दार लावून ती उघडली. पाकीट आत होतं. डिंक जसाच्या तसा होता. उजेडालासुद्धा कुणी धरलेलं दिसत नव्हतं.

ते घेऊन तो संध्याकाळी ताईकडे गेला आणि तिच्या हातात दिलं. तिने उलटंपालटं करून पाहिलं. तिला आनंद झाला की राग आला, हे चेहऱ्यावरून कळेना. बहुधा तिलाही कळत नसावं.

"एकतीस वर्षांत एकदा अख्खं पान खरं लिहिलं," ती म्हणाली, "आणि कुणी वाचलंही नाही."

भाऊजी भिंगातून म्हणाले की पुढच्या वेळी कमी लिही. त्या दिवशी ते तिसऱ्या हाकेआधीच जेवायला आले.

ज्योतिष्याने ताईला एक गोष्ट सांगितली नाही. फायलीत मोहिमेच्या मंजुरीचाही कागद होता. त्यावर तारीख त्याच गुरुवारची होती, वेळ दुपारी चारची, ताईने पेन हातात घेण्याआधीची. त्याला भांडारपालाची दोन ओळींची टिप्पणी जोडली होती. शीतगृहात गोवराच्या लशीचे पाच हजार डोस पडून होते. त्यांची मुदत महिनाअखेरीस संपत होती.